बडोद्याहून मोम्बासाला बाइक: भाड्याच्या आधी कागद

विचारणा थोडक्यात अशी आहे. दांडिया बाजारात राहणाऱ्या एकाला आपली हिमालयन ४११ बोटीने मोम्बासाला पाठवायची आहे. केनियातून टांझानिया, झांबिया, बोट्सवाना करत दक्षिण आफ्रिकेत उतरायचं आणि पाचेक महिन्यांनी डर्बनहून बाइक परत बोटीवर चढवायची. आरसी वडिलांच्या नावावर आहे आणि त्यावर बँकेचा बोजाही अजून दिसतो. तीन फॉरवर्डरनी (बोटीने माल पाठवून देणाऱ्या एजंटांनी) तीन भाव दिलेत, त्यांत जवळजवळ तिपटीचा फरक. सगळ्यात स्वस्तवाला म्हणतो, ‘कार्नेच्या भानगडीत पडू नका, घरसामान म्हणून पाठवून देऊ.’ (कार्ने काय असतं, ते पुढे येतं.) तर भाव कुणाचा घ्यावा, आणि खोका लाकडी करावा की लोखंडी?

खोक्याचं पुढे सांगतो, भावाचंही सांगतो. पण त्या दोन प्रश्नांच्या आड खरा प्रश्न लपलाय. तुम्ही बाइक पाठवत नाही आहात, तुम्ही ती फिरवून परत आणणार आहात. म्हणजे भारतातून निघताना, केनियात शिरताना, मधल्या प्रत्येक नाक्यावर, डर्बनला आणि शेवटी न्हावा शेवाला कस्टमचा माणूस एकच गोष्ट तपासणार: कागदावरची बाइक ती हीच का? आणि परदेशात असेल तर दुसरी गोष्ट: ही इथून परत जाईल याची हमी कुणाची? या दोन्हींची उत्तरं निघण्यापूर्वी बडोद्यातच तयार व्हायला हवीत. भाडं वाचवण्याच्या नादात ती कच्ची राहिली, तर वाचलेले पैसे मोम्बासाच्या गोदामभाड्यात जातात.

तुम्ही कायमचे परदेशी स्थायिक होणार असता, तर माझं उत्तर पार वेगळं असतं. तेव्हा त्या देशाचे गाडीच्या वयाचे, प्रदूषणाचे आणि नोंदणीचे नियम आधी बघावे लागले असते. इथे ते बाजूला ठेवतो.

‘घरसामान’ हा सल्ला आधी निकालात काढू. आपल्या बॅगेज नियमांत मोटार वाहन बसत नाही. जाताना एखाद्याने वर्णन ढिलं लिहून खोका पुढे ढकललाही, तरी येताना तुमच्या हातात बाइक इथूनच गेली होती असं दाखवणारा धड कागद नसेल. मग तिच्याकडे परदेशातून आलेली जुनी गाडी म्हणून पाहिलं जाईल. जुन्या गाड्यांच्या आयातीवर तीन वर्षांपेक्षा जास्त वय नको, ठरावीक बंदरातूनच आणा, अशा अटी आहेत, आणि शुल्क तर कंबर मोडणारं. असा सल्ला देणाऱ्याला तुमची बाइक परत येण्याशी काही देणंघेणं नाही. त्याचा संबंध बोट सुटेपर्यंत.

कार्ने म्हणजे कार्ने द पासाज. गाडीचा पासपोर्ट म्हणा. १९५४ च्या आंतरराष्ट्रीय करारावर तो उभा आहे. देणारी संस्था परदेशी कस्टमला हमी देते की ही गाडी मुदतीत बाहेर जाईल, नाही गेली तर शुल्क आम्ही भरू. त्या बदल्यात संस्था तुमच्याकडून बँक गॅरंटी किंवा ठेव घेते. रक्कम किती, हे गाडीची किंमत आणि तुम्ही जाणारे देश यांवर ठरतं, म्हणून देशांची यादी नक्की केल्याशिवाय आकडा विचारण्यात अर्थ नाही. आपल्याकडे यासाठी मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन गाठायची. इथे एक घोटाळा नेहमी होतो. एटीए कार्ने नावाचा वेगळा कागद असतो. तो प्रदर्शनात मांडायचा माल किंवा व्यावसायिक उपकरणं नेण्यासाठी असतो आणि तो फिक्की ही उद्योगांची संघटना देते. नावात कार्ने आहे म्हणून काही एजंट तिकडे पाठवतात. प्रवासाच्या बाइकला तो चालत नाही.

कार्नेची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. पाच महिने फिरणं, जाताना आणि येताना बोटीचे व बंदरातले मिळून अडीच-तीन महिने धरा. वर्ष पुरतं, पण सहा महिने आधीच काढून कपाटात ठेवलात तर पुरत नाही. बँक गॅरंटीची तयारी आधीपासून ठेवा, कारण खरा वेळ बँकेतच जातो (अलकापुरीतल्या शाखेत वाहनाच्या कार्नेसाठीचा गॅरंटीचा मसुदा बघितलेला अधिकारी भेटेलच असं नाही, संस्थेचा छापील नमुना घेऊनच जा). कार्ने मात्र निघण्याच्या तारखेच्या जवळ काढा.

त्याआधी आरसी. वडिलांच्या नावावरची बाइक त्यांच्या अधिकारपत्रावर नेता येते, कागदोपत्री त्यात चूक नाही. पण मग प्रत्येक नाक्यावर पासपोर्टवर एक नाव, आरसीवर दुसरं आणि सोबत एक नोटरी केलेलं पत्र, असा संसार घेऊन उभं राहावं लागतं. झांबियाच्या सीमेवर रात्री आठ वाजता ते पत्र समजावून सांगण्यापेक्षा आत्ताच आरटीओत जाऊन फॉर्म २९ आणि ३० भरून बाइक आपल्या नावावर करून घ्या. कर्ज फिटलंय पण बोजा उतरवलेला नाही, हे तर अगदी नेहमीचं. बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ देऊन तो काढा. त्याच फेरीत फॉर्म ४ए भरून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्या, तो एक वर्ष चालतो. नवीन आरसी हातात आली की त्यावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर बाइकवरच्या नंबराशी अक्षर अन् अक्षर ताडून बघा. इंग्रजी ओ आणि शून्य, किंवा आठ आणि बी यांची अदलाबदल जुन्या आरसीत सापडते. ती इथे दुरुस्त होते, मोम्बासात होत नाही.

आता भारतातून निर्यात. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीची कस्टमला द्यायची घोषणा, कस्टम ब्रोकरमार्फत आइसगेट या कस्टमच्या पोर्टलवर भरलं जातं. व्यापाराशी संबंध नसलेल्या वैयक्तिक वापराच्या वस्तूसाठी स्वतःचा आयईसी (आयात-निर्यात कोड) नंबर काढण्यापासून नियमाने सूट आहे. पण प्रत्यक्षात ब्रोकर म्हणतो, ‘काढून टाका, काम सोपं होतं.’ पाचशे रुपये शुल्क आहे आणि पॅनवरच मिळतो, त्यामुळे मी यावर वाद घालत नाही. दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो ऑनलाइन अद्ययावत करायचा असतो, एवढं लक्षात ठेवा. विसरलात तर तो बंद पडतो, आणि तो बंद असल्याचं नेमकं बाइक परत येते त्या आठवड्यात कळतं.

कस्टमच्या यादीतलं वर्गीकरण ८७११, आणि तुमचं इंजिन २५० ते ५०० सीसीमध्ये असल्याने ८७११३०. त्याहून महत्त्वाच्या दोन नोंदी. पहिली, व्यवहारात परकीय चलन गुंतलेलं नाही असा शेरा. तो राहिला तर रिझर्व्ह बँकेच्या यंत्रणेत तुमच्या नावावर ‘निर्यात झाली, पैसे आले नाहीत’ असं येणं दिसत राहतं आणि वर्षभराने बँक पत्र पाठवते. दुसरी नोंद म्हणजे चासी आणि इंजिन नंबर, दोन्ही वर्णनातच, सोबत ‘तात्पुरत्या वापरासाठी, परत आणण्याच्या हेतूने’ हे शब्द. तपासणी अधिकाऱ्याने नंबर प्रत्यक्ष बघून ताडल्याचा उल्लेख तपासणी अहवालात हवा. हा एक उल्लेख परतीच्या वेळी तुमचं निम्मं काम करतो. कार्नेवरही भारतातून बाहेर पडल्याची नोंद अधिकाऱ्याकडून मागून घ्या. सोबत पासपोर्ट, पॅन, आरसी, विमा, पॅकिंग लिस्ट आणि केवळ कस्टमसाठीचं मूल्यपत्रक लागतं. बाइक चोरीची नाही याचा पुरावा काही ठिकाणी मागतात. पोलिसांच्या ‘वाहन समन्वय’ पोर्टलवरून तसा दाखला निघतो, तो आधीच छापून ठेवा.

मूल्य किती दाखवायचं? विमा पॉलिसीतली आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत. दुसरा कुठलाही आकडा मनाने ठरवू नका. गॅरंटी कमी बसावी म्हणून कार्नेवर किंमत उतरवायची आणि सागरी विम्यात चढवायची, हा मोह सगळ्यांना होतो. कार्ने, मूल्यपत्रक आणि विमा या तिन्हींवर एकच आकडा असला की कुणी प्रश्न विचारत नाही. तीन आकडे असले की तिन्हींबद्दल विचारतात.

खोका. बडोद्याला राहता तर लोखंडीच करा. मकरपुरा जीआयडीसीत अँगलचं काम करणारे हवे तेवढे आहेत आणि लाकडाची सगळी कटकट वाचते. कच्च्या लाकडाच्या पॅकिंगला आंतरराष्ट्रीय नियम लागतो: लाकडाच्या गाभ्याचं तापमान ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं राहायला हवं किंवा धुरी द्यायला हवी, आणि वर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला ठसा हवा. ठशाशिवायचं लाकूड दुसऱ्या टोकाला अडतं. प्लायवूडला हा नियम लागत नाही, म्हणून सांगाडा लोखंडी आणि बाजूंना ९ किंवा १२ मिलिमीटरचं प्लाय, हे सरळ गणित.

खोक्याची मापं म्हणजेच तुमचं भाडं, म्हणून जरा सविस्तर. दुसऱ्यांच्या मालासोबत कंटेनरमध्ये जागा घेतली की भाडं घनमीटर किंवा टन, जे जास्त भरेल त्यावर लागतं. बाइकच्या बाबतीत नेहमी घनमीटरच जास्त भरतात. हिमालयन ४११ ची लांबी २१९० मिलिमीटर, रुंदी ८४०, उंची १३६०. जशी आहे तशी पेटीत घातली तर २.२५ गुणिले ०.९ गुणिले १.४ मीटर, म्हणजे २.८ घनमीटर. पुढचं चाक काढलं, हँडल क्लॅम्पमधून सोडवून टाकीशेजारी बांधलं, काच आणि आरसे उतरवले, तर १.९५ गुणिले ०.७५ गुणिले १.१५ मध्ये बाइक बसते. ते होतात १.७ घनमीटर. भाडं आणि दोन्ही टोकांचे बहुतेक हाताळणीचे आकार सरळ ४० टक्क्यांनी उतरतात. तासाभराचं काम, आणि यात स्वतः पाना हातात घेतलेला बरा, कारण मोम्बासाच्या गोदामात तेच सगळं तुम्हालाच परत जोडायचंय.

तळाला ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचा अँगल, मधे चार आडवे, खाली निदान १०० मिलिमीटरची फट, म्हणजे फोर्कलिफ्टचे दात शिरतील. ही फट नसेल तर गोदामवाले पेटी ढकलतात, ओढतात, प्रसंगी आडवीही करतात. उभे आणि वरचे भाग २५ बाय २५ बाय ३ चे पुरतात. चारही बाजूंना तिरपे आधार हवेतच. ते नसले तर चौकट वरून मजबूत दिसते आणि बोट डोलली की समांतरभुज होते. उभे भाग वेल्ड न करता एम-१० बोल्टने जोडा. उतरवल्यावर पेटी सपाट घडी होते. सगळा सांगाडा ४५ ते ५० किलोत बसतो. तुम्ही डर्बनहून परत पाठवणार, तेव्हा ही पेटी तुमच्या उपयोगाची नाही, तिकडे दुसरी करावी लागेल. त्यासाठी मापांचा कागद आणि फोटो फोनमध्ये ठेवा. मोम्बासाहूनच परतणार असता, तर एजंटाच्या गोदामात सांभाळायला देता आली असती.

पुढचा अ‍ॅक्सल फोर्कमध्ये परत घालून तो तळाला वेल्ड केलेल्या दोन पट्ट्यांत बसवा. चार रॅचेट पट्टे, पुढचे दोन फोर्क धरणाऱ्या खालच्या ट्रिपल क्लॅम्पवरून, मागचे दोन सबफ्रेमवरून. हँडलवरून कधीच नाही. सस्पेन्शन निम्मं दाबलं जाईल इतकंच आवळा. पूर्ण दाबून तीन-चार आठवडे ठेवलं की फोर्कची सील गळायला लागतात, आणि अगदी सैल सोडलं तर पट्टा उडी मारून निघतो. ब्रेक कॅलिपरच्या पॅडमध्ये पुठ्ठा सारून ठेवा, चाक नसताना कुणी लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात. साखळीला भरपूर ग्रीस, धातूच्या उघड्या भागांवर तेलाचा हात. पण डिस्कवर काही मारू नका. आत सिलिका जेलच्या थैल्या टाका, कारण बंद कंटेनरमध्ये रात्री छतावर दव धरतं आणि ते मालावर ठिबकतं.

पेट्रोलबाबत भांडायला जाऊ नका. पेट्रोलची गाडी सागरी नियमांत धोकादायक मालाच्या वर्ग ९ मध्ये, यूएन क्रमांक ३१६६ खाली येते. टाकी रिकामी, इंजिन पेट्रोलअभावी बंद पडेपर्यंत चालवलेलं आणि बॅटरीला शॉर्टसर्किट होणार नाही अशी सोय, एवढं असेल तर तिला त्या वर्गातून सूट मिळते. टाकीत चतुर्थांश ठेवलं तर तीच बाइक धोकादायक माल म्हणून जाते, वेगळी घोषणा, वेगळा आकार, आणि काही कंपन्या घेतच नाहीत. पाठवायच्या दिवशी टाकी उपसा, मग इंजिन चालवून बंद पडू द्या. बॅटरीचं ऋण टोक आधी सोडा, दोन्ही टोकं टेपने गुंडाळा. तसं केल्याचं छोटं पत्र कागदांत लावा.

पेटी बंद करण्याआधी चासी नंबरवर पातळ कागद ठेवून पेन्सिलचा छाप घ्या, आरटीओत घेतात तसा. तीन-चार प्रती. प्लायमध्ये हेडस्टॉकच्या (चासी नंबर असतो तिथल्या) बाजूला आणि इंजिन नंबरच्या बाजूला हाताएवढ्या झडपा ठेवा, स्क्रूने बंद होणाऱ्या. नाही तर तपासणीला आख्खी बाजू उघडतात आणि परत लावताना निम्मे स्क्रू गायब असतात.

पेटीत बाइकशिवाय काय? जितकं कमी तितकं बरं. दोन सुटे टायर, साखळी-स्प्रॉकेटचा संच, क्लचप्लेट असं काही घालणार असाल तर ते कार्नेवरच्या सुट्या भागांच्या रकान्यात लिहिलेलं असलं पाहिजे. लिहिलेलं नसेल तर कस्टमसाठी ते गाडीचा भाग नाही, विक्रीचा माल आहे. खाण्याचे डबे, औषधं, कपडे बॅगेतून विमानाने न्या. चटणी-मेतकूट पेटीत टाकून एक चौकशी ओढवून घेऊ नका.

आता भाव. तिपटीचा फरक कुठून येतो? सुट्या मालाच्या धंद्यात समुद्राचं भाडं हा सर्वांत लहान आणि सर्वांत फसवा आकडा आहे. एकत्रित कंटेनर भरणारा इकडे भाडं जवळजवळ फुकट लावतो आणि तिकडे उतरवण्याचे, कंटेनर फोडण्याचे, डिलिव्हरी ऑर्डरचे (माल सोडण्याच्या लेखी आदेशाचे), कागदपत्रांचे, हाताळणीचे पैसे डॉलरमध्ये वसूल करतो. माल त्याच्या ताब्यात असल्याने तिकडे घासाघीस चालत नाही. म्हणून तिघांनाही एकच पत्र पाठवा: पेटीचं माप हे, वजन हे, मोम्बासात डिलिव्हरी ऑर्डर हातात पडेपर्यंतचा प्रत्येक आकार नावानिशी आणि लेखी द्या, गोदामात किती दिवस फुकट आणि नंतर दर दिवसाला किती तेही लिहा. जो ‘तिकडचे आकार प्रत्यक्षाप्रमाणे’ एवढंच लिहितो, त्याला यादीतून काढा. माझा अंदाज, तुमचा स्वस्तवाला इथेच गळेल.

दोन-तीन सोबती असतील तर अख्ख्या वीस फुटी कंटेनरचा भाव मागवा. आत सुमारे ५.९ मीटर लांबी आणि २.३५ मीटर रुंदी मिळते, चार बाइक पेटीशिवाय, थेट तळाला बांधून जातात. माणशी खर्च उतरतो, बाइक मोडून जोडावी लागत नाही, आणि कंटेनर बडोद्याजवळच्या दशरथच्या आयसीडीतच (बंदरापासून दूरच्या कंटेनर डेपोत) भरून सील करता येतो, म्हणजे कस्टमची तपासणी घरापासून दहा-बारा किलोमीटरवर. पण प्रत्येक बाइकचं शिपिंग बिल वेगळं आणि बिल ऑफ लेडिंगही (बोटीवर चढवलेल्या मालाची पावती) वेगळं मागा. एकाच बिलावर चौघे असले आणि एकाचा कार्ने अडकला, की चौघेही अडकतात. एकट्या बाइकला मात्र दशरथ उपयोगाचं नाही. सुटा माल एकत्र करणारे न्हावा शेवाच्या गोदामांत बसतात, तर पेटी टेम्पोने तिकडेच पाठवावी लागेल. बोट सुटायच्या निदान सात-आठ कामाचे दिवस आधी ती गोदामात पोचलेली हवी.

विमानाचा भावही एकदा विचारून बघा. विमानात घनमीटरला सुमारे १६७ किलो धरतात, म्हणजे १.७ घनमीटरची पेटी २८० किलोची. तुमचं खरं वजन त्याच्या जवळपासच भरतं. समुद्रापेक्षा महाग पडेल, पण तिकडचे आकार कमी आणि थांबणं दोन-तीन दिवसांचं. सगळे आकार मिळवून तुलना केली तर फरक सुरुवातीला वाटतो तेवढा राहत नाही.

बिल ऑफ लेडिंगवर माल घेणारा म्हणून तुमचंच नाव, पासपोर्टवर आहे तसं, अक्षर न बदलता. ‘ऑर्डर’वर, म्हणजे हस्तांतर करता येईल असं, काढू देऊ नका. मूळ प्रती कुरिअरने पाठवत बसण्यापेक्षा सी वेबिल किंवा टेलेक्स रिलीज मागा, म्हणजे मूळ प्रतीशिवाय माल सोडवता येतो. वर्णनात वापरलेली मोटरसायकल, दोन्ही नंबर, कार्नेचा क्रमांक, विक्रीसाठी नाही, एवढं यावं. छापण्याआधी मसुदा येतो, तो वाचा. बोट सुटल्यावरची प्रत्येक दुरुस्ती पैसे आणि दिवस खाते.

सागरी विमा घेताना ‘क्लॉज ए’ आणि ‘क्लॉज सी’ यांतला फरक विचारा. ए मध्ये बहुतेक जोखमी येतात. सी मध्ये बोट बुडणं, आग, टक्कर अशा मोठ्याच. जुन्या गाडीला पुष्कळदा सी च देतात आणि ओरखडे, गंज वगळतात. तरीही घ्या. कारण मोठ्या अपघातात बोट वाचवण्याचा खर्च सगळ्या मालधन्यांवर वाटला जातो. तुमची बाइक धडधाकट असली तरी तुमचा वाटा किंवा त्याची हमी दिल्याशिवाय ती सोडत नाहीत. ती हमी विमा कंपनी देते.

मोम्बासात बोट लागल्यावर माल बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात जातो आणि तिथे फोडला जातो. तुमचं विमान बोट लागण्याच्या तारखेवर ठरवू नका. बोट लागणं आणि पेटी गोदामात दिसणं यांत आठवडा सहज जातो. क्लिअरिंग एजंट नेमावाच लागतो. कार्नेवर बाइक काढलीयेस का, एवढं एकच विचारून एजंट निवडा, कारण आयातीची शेकडो कामं केलेल्या एजंटालाही कार्ने नवखा असू शकतो. कार्नेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात: आयातीचा, निर्यातीचा आणि पुस्तकात राहणारा. शिरताना कस्टम आयातीचा भाग फाडून घेतं आणि राहणाऱ्या भागावर शिक्का मारतं. निघताना निर्यातीचा फाडून दुसरा शिक्का. गर्दीत कुणी शिरतानाच दोन्ही फाडतं. खिडकी सोडण्यापूर्वी पान उघडून बघा: फाटलाय तो योग्य भाग, शिक्का वाचता येतो, तारीख आणि सही आहे. बाइक जोडून रस्त्यावर काढण्याआधी तिथला तृतीयपक्ष विमा घ्या. कोमेसा या आफ्रिकी व्यापारसंघाचं यलो कार्ड (अनेक देशांत चालणारा तृतीयपक्ष विमा) घेतलंत तर टांझानिया, झांबियातही तेच चालतं.

पुढच्या वाटेवर एक जागा फसवी आहे. बोट्सवाना, दक्षिण आफ्रिका, नामिबिया, लेसोथो आणि एस्वातिनी हे एकच कस्टम संघ आहेत. झांबियाहून कझुंगुलाच्या पुलावरून बोट्सवानात शिरताना आयातीचा शिक्का बसला की तो संघभर चालतो. बोट्सवानातून दक्षिण आफ्रिकेत जाताना नवं पान फाडायचं नाही, निर्यातीचा शिक्का थेट डर्बनला. तिथल्या नाक्यावरचा शिपाई उत्साहाने मारायला निघाला तर नम्रपणे थांबवा.

वाटेत काय बदलायचं नाही, तर इंजिनचा क्रँककेस. टायर, साखळी, पिस्टन, क्लच, सगळं बदला. क्रँककेस बदलला की इंजिन नंबर गेला, कार्ने आणि शिपिंग बिल दोन्हींशी जुळणी तुटली. बदलावाच लागला तर जुना नंबर असलेला तुकडा आणि वर्कशॉपचं बिल सोबत आणा, आणि कार्ने देणाऱ्या संस्थेला त्याच दिवशी कळवा. अपघातात बाइक संपली तर ती तिथे विकता किंवा टाकून देता येत नाही. तिथल्या कस्टमच्या देखरेखीखाली नष्ट करावी लागते किंवा शुल्क भरावं लागतं. चोरी झाली तर पोलीस तक्रार लागतेच, पण तेवढ्याने कार्नेची जबाबदारी आपोआप सुटत नाही.

डर्बनला पेटी गोदामात देऊन लगेच विमान पकडायचा मोह होतो. निर्यातीचा शिक्का कार्नेवर बसल्याचं डोळ्यांनी बघितल्याशिवाय निघू नका. तो राहिला तर कागदावर बाइक अजून आफ्रिकेतच आहे आणि तुमची गॅरंटी अडकलेली. यावर उपाय आहे: घरी परतल्यावर इथल्या कस्टमकडून बाइक भारतात असल्याचा स्थानदर्शक दाखला घेऊन संस्थेला द्यायचा. पण तो महिन्यांचा उद्योग आहे.

न्हावा शेवाला परत आल्यावर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीची घोषणा, भरायचं. कायद्याने परत आलेला मालही आयातच धरला जातो आणि शुल्काला पात्र असतो. सूट मिळते ती ३० जून २०१७ च्या ४५/२०१७ या कस्टम अधिसूचनेखाली, तीन वर्षांच्या आत परत आणलं आणि तीच वस्तू असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटली तर. अधिसूचनेचा क्रमांक ब्रोकरला आधीच लिहून द्या. सोबत मूळ शिपिंग बिल, तपासणी अहवाल, दोन्ही बिल ऑफ लेडिंग, शिक्क्यांसह कार्ने आणि पेन्सिलचे ते छाप. मूळ कागद प्रवासात नेऊ नका, कार्ने आणि आरसी सोडून सगळे घरी ठेवा आणि स्कॅन मेलमध्ये. नंतर कार्ने संस्थेला परत करायचा. शिक्के तपासून झाले की गॅरंटी मोकळी होते.

किल्ल्या दोन असतात. एक पेटीत आतल्या बाजूने टाकीला बांधा आणि तसं पॅकिंग लिस्टमध्ये लिहा, कारण तपासणीला कुणी हँडललॉक उघडायला सांगितलं तर तुम्ही तेव्हा विमानात असाल. दुसरी स्वतःच्या गळ्यात.